बाईंनी केलेलं भाषांतर

“आता पोरीले थोडं इंग्रजी बोलू द्या,” असं म्हणत रामाजींनी आलूबोंड्यांची रिकामी बशी बाजूला सरकवली आणि बोटं धोतराला पुसली.

मुलीचे वडील भैयाजी याच वाक्याची वाट पाहत होते. महाल भागात त्यांचं दोर-सुतळीचं दुकान होतं आणि चांगला माल ते गिऱ्हाइकानं मागेपर्यंत कधी बाहेर काढत नसत. त्यांनी खुर्चीत अवघडून बसलेल्या सुमतीबाईंकडे अभिमानानं पाहिलं. मुलगी दाखवताना तिच्या शाळेतल्या बाईंना बोलावण्याची रीत कुठेच नाही. पण नीलाला इंग्रजी निबंधाचं बक्षीस मिळालं होतं, आणि ते खरं आहे असं सांगायला बक्षीस देणारी बाईच समोर असलेली बरी, असा त्यांचा विचार. बाईंना ‘येत नाही’ म्हणता आलं नव्हतं. कोणालाच नाही म्हणता न येणं हे सुमतीबाईंचं जुनंच दुखणं होतं.

“नीला, उभी राह्य वं. तो बक्षिसाचा निबंध म्हणून दाखव.”

‘आदर्श गृहिणी’ हा निबंध मुळात बाईंचाच. अकरावीच्या मुलींना त्या दरवर्षी असे निबंध सांगत. मुली ते उतरून घेत, पाठ करत आणि मॅट्रिकच्या पेपरात ओतून येत. बऱ्याच जणी पास होत, म्हणून यात इंग्रजी किती आणि घोकंपट्टी किती हे कोणी विचारत नसे. फक्त नीलाला बाई शाळा सुटल्यावर थांबवून घेत. तिला गोष्टींची पुस्तकं देत. “माझं नको, तुझं लिही,” म्हणत. “आणि खरं असेल तेच लिही.” नीलाला इंग्रजी घेऊन बी. ए. करायचं होतं. हे खूळ तिच्या डोक्यात कोणी भरवलं ते भैयाजींना ठाऊक असतं, तर बाईंच्या वाट्याला आलूबोंडे आले नसते.

नीला उभी राहिली. समोर नवरा मुलगा गिरिधर बसला होता. कळमेश्वरच्या रामाजींचा हा मुलगा बी. एस्सी. झालेला, हिंगण्याच्या कारखान्यात केमिस्ट. आतल्या दारात नीलाची आई रंभाबाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. नीलानं स्पर्धेत करतात तसे हात मागे बांधले आणि सुरुवात केली.

पहिलं वाक्य निबंधातलं होतं. दुसरंही. तिसऱ्या वाक्याला सुमतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

सूर तोच होता, पाठांतराचा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी चढणारा. शब्द मात्र निबंधातले नव्हते. मला हे लग्न करायचं नाही, नीला इंग्रजीत सांगत होती. मला कॉलेजात जायचं आहे. घरात माझं कोणी ऐकत नाही. आपण शिकलेले आहात, म्हणून मी आपल्याला विनंती करते, कृपा करून नकार द्या. मुलीचा रंग पसंत पडला नाही असं सांगा. मला राग येणार नाही.

एके ठिकाणी क्रियापद चुकलं, पण ते दुरुस्त करावंसं बाईंना वाटलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही विद्यार्थिनीनं एवढं स्वतःचं इंग्रजी त्यांना ऐकवलं नव्हतं. त्यांना अभिमान वाटला आणि त्याच वेळी भीतीही.

नीला थांबली. रामाजींनी मांडीवर थाप मारली.

“वा! रेडिओवानी बोलते पोरगी! काय म्हणे ते, बाई? आमाले बी सांगा थोडं.”

सगळे बाईंकडे पाहू लागले. बाईंनी गिरिधरकडे पाहिलं. तो मान खाली घालून गालातल्या गालात हसत होता. याला कळलेलं आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. आता पुढचं त्याच्या हाती. मग त्यांनी आपल्या जुन्या निबंधाचा मराठी अर्थ सांगितला, गृहिणी म्हणजे घराचा दिवा, तिच्या हसण्यानं घर उजळतं, वगैरे. रंभाबाईंनी डोळे टिपले. नीलानं बाईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतके आभार होते की बाईंना ते सोसवेनात.

बाई जायला उठल्या, तेव्हा गिरिधर म्हणाला, “मी मॅडमले रिक्षात बसवून येतो.”

गल्लीच्या तोंडाशी दोन सायकलरिक्षा उभ्या होत्या. त्यांच्यापाशी पोचण्याआधीच तो थांबला.

“मॅडम, एक विचारू? हसू नका.”

“विचारा ना.”

“मी इंग्रजीत गाइड पाठ करून पास झालो. पाठ केलेलं तेवढं येते, बाकी कोणी फटाफट बोललं तं काही समजत नाही. तिथं सगळ्याइच्या समोर कसं सांगू?” तो चपलेनं खडा ढकलत राहिला. “पण ते माह्याकडे पाहून बोलत होती. ‘प्लीज’ म्हणे एकदा. ते निबंधातच हाये का? दुसरं काही असन तं सांगून द्या. मी घरी कोणाले नाही सांगणार. तिले नसन पसंत, तं मीच नाही म्हणून टाकतो.”

इतक्या सरळपणे विचारणारा पुरुष सुमतीबाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांना पाहायला आलेले सगळे खात-पीत, घड्याळ पाहत आणि उठून जात. मग कोणी येईनासंच झालं. त्यांना आपली खोली आठवली, एकटीपुरता स्टोव्ह, एकच ताट, कपाटभर इंग्रजी पुस्तकं. नीलालाही हेच द्यायचं का? हा नाही तर महिन्याभरानं भैयाजी दुसरा कोणी आणतील, आणि तो काही असा रस्त्यात थांबून विचारणार नाही. पोरीला कळत नाहीये. उद्या कळेल.

“निबंधातच आहे,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या ओळीत.”

गिरिधरचा चेहरा खुलला. त्यानं वाकून नमस्कार केला आणि रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून बजावलं.

होकार आला. परीक्षा होऊ द्यायची, पुढे शिकायची गरज नाही, लग्न वैशाखात, असं ठरलं. भैयाजींनी शाळेत पेढे पाठवले ते नीलाच्याच हातानं.

वर्ग अजून भरायचा होता. नीलानं पुडा टेबलावर ठेवला, आणि त्यावर बाईंनी दिलेली गोष्टींची पुस्तकं ठेवली. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती रडत नव्हती.

“बाई, तुमी त्या दिवशी मले सांभाळून घेतलं. मी नाही विसरणार.”

बाईंनी पुस्तकं उगाच सारखी केली.

“एकच सांगा. मी चुकीचं तं नाही बोलली? म्हणजे समजण्यासारखं होतं नं?”

“चांगलं बोललीस. फार चांगलं.”

“मग त्याईले समजलं असन नं सगळं? इंग्रजी येते नं त्याईले?”

बाहेर घंटा झाली. व्हरांड्यातून मुलींचा गलका जवळ येऊ लागला. त्याला कळलं नव्हतं, त्यानं मला विचारलं होतं, एवढंच सांगायचं होतं. सांगितलं तर नीलाला नवरा बरा दिसला असता आणि बाई दिसल्या असत्या तशाच, जशा होत्या.

“येतं,” सुमतीबाई म्हणाल्या.

नीलानं मान हलवली.

“म्हणजे समजूनही हो म्हणे तो. इतकं हात जोडून सांगितलं, तरी. असल्या माणसापाशी राहा लागते आता.”

ती आपल्या बाकावर जाऊन बसली. वर्ग भरला. बाईंनी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहिली. मग त्या वळल्या आणि नवा निबंध सांगायला लागल्या. सगळ्या मुलींबरोबर नीलाही मान खाली घालून एकेक शब्द उतरून घेत होती.