मेल्याच्या कोटाची बाही

मी एक जुने शिवणयंत्र आहे, मित्रांनो. ओतीव लोखंडाचे, पायाने चालणारे. माझ्या मानेवर एके काळी सोनेरी वेलबुट्टी होती. कारखान्यात मला जुळवणाऱ्या वृद्ध कारागिराने चाक फिरवून, कान लावून म्हटले होते, "गोड चालतंय!" त्या प्रशस्तीवर मी आयुष्य काढले.

एका शिंप्याने मला विकत घेतले. तो आणि त्याची पत्नी आळीपाळीने माझ्यापुढे बसत. न्यायाधीशांचे झगे, नववधूंचे पोशाख, तान्ह्यांची झबली माझ्या सुईखालून गेली. टीप सरळ पडावी आणि माणसाच्या अंगाला वस्त्र शोभावे, एवढाच माझा धर्म.

पुढे दीर्घ आजाराने शिंपी गेला आणि दुकान उठले. त्यांची लेक चित्रपटांच्या वेशभूषेचे काम करी. तिने आईला आणि मला चित्रीकरणाच्या शेडलगतच्या कपड्यांच्या खोलीत आणले, आणि माझ्या नशिबी विनोदी झॉम्बीपट आले.

झॉम्बी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही ते भाग्यवान. मेलेला माणूस उठतो, मान वाकडी करून फेंगडा चालतो आणि जिवंतांचा मेंदू खाऊ पाहतो. विनोदी प्रकारात तो उंबऱ्याला अडखळतो, त्याचा कान कुणाच्या पेल्यात गळून पडतो, आणि प्रेक्षक पोट धरधरून हसतात. मेलेले कोंबडे आगीला भीत नाही म्हणतात. येथे ते निखाऱ्यावर घसरून पडते आणि वर टाळ्या घेते! ज्या मृत्यूपुढे शहाण्यांनी मस्तक नमवले, त्याची ही माकडचेष्टा. त्यासाठी आम्ही कोरे कपडे शिवायचे आणि लेकीने ते चिखलात बुडवून कात्रीने फाडायचे. माझ्या जिवाचा किती संताप होई म्हणून सांगू!

आई मात्र मुकाट्याने शिवी. पती गेल्यापासून ती हसली नव्हती, कामापुरतेच बोले. लेक चित्रपटातल्या गमती रंगवून सांगे, तेव्हा ती दोरा ओवत राही. आई अशीच मिटत जाणार की काय, हाच लेकीला घोर होता.

एकदा मुख्य प्रेतासाठी भारदस्त कोट हवा होता. लेकीने घरून बाबांचा राखाडी कोट आणला. जन्मभर परक्यांसाठी शिवणाऱ्या त्या शिंप्याने स्वतःसाठी शिवलेला तो एकमेव कोट. तिने त्याची एक बाही उसवून कच्च्या दोऱ्याने टाचली. नटाने आपला हात कोटाच्या आत दडवायचा. नायिकेने बाही ओढताच ती खांद्यापासून निघून यायची आणि आत हातच नाही, हे पाहून तिने किंचाळायचे. असा तो थोर विनोद!

आईने खुंटीवरचा कोट ओळखला.

"हा कुणाला विचारून आणलास?"

"आई, कपाटात नुसता पडून होता गं. काम झालं की परत शिवून देते."

"तुझ्या बाबांचा कोट, आणि असल्या सोंगाला? जनाची नाही, मनाची तरी ठेव!"

"बाबा असते तर त्यांनी स्वतः काढून दिला असता."

"नाहीत, म्हणूनच हात लावलास."

लेक डोळे पुसत बाहेर गेली. बाही निखळण्याच्या त्या विनोदाची आईला काहीच कल्पना नव्हती; नवऱ्याची बाही लोंबते आहे, एवढेच तिला दिसले. तिने पक्का दोरा घातला आणि टिपेवर टीप मारली. मीही सर्व बळ एकवटून चालले. ती दोरा तोडते न तोडते, तोच मुख्य प्रेत धावत आले. "मावशी, द्या लवकर, ओरडतायत तिकडे!" म्हणत कोट चढवून ते पसारही झाले.

आई त्याच्यामागे दारापर्यंत गेली. दार उघडे असल्याने मलाही सारे दिसले.

नायिकेने बाही ओढली. निघाली नाही. तिने भिंतीला पाय लावून ओढली. प्रेत फरफटत आले, बाही जागची हलेना. शेजारच्या प्रेतांनी आपल्या बुद्धीने त्याची कंबर धरून उलट बाजूने ओढ घेतली.

"अहो, मेलोय मी, पण इतका नाही! हळू ओढा!" मुख्य प्रेत कळवळले.

"कॅमेरा चालू ठेवा!" हसता हसता दिग्दर्शक ओरडला.

लेक पुढे धावली. "थांबा! बाबांचा कोट आहे तो! फाटेल!"

"नाही फाटायचा," आई म्हणाली, आणि तिला हसू फुटले. आधी खांदे हलले, मग तिने दाराची चौकट धरली. "अगदी तुझे बाबा गं! शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, संपलं. आणि हे डोळे उघडून विचारतात, 'माझ्या अंगातल्या या सदऱ्याची बाही कुणी लावलीय? वाकडी आहे!'"

"हे मला कधी सांगितलं नाहीस!"

"हसू आलं होतं तेव्हा. लाज वाटली."

मग त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

"कोट घरी नेऊ या, आई," लेक म्हणाली.

"राहू दे त्याच्या अंगावर. उद्याही मरायचंय ना त्याला?"

मित्रांनो, माझे मत बदलले असे समजू नका. हे चित्रपट मला आजही गचाळच वाटतात. परंतु आप्तेष्टांची थोर सांत्वनवचने जेथे थिटी पडली, तेथे ते फेंगडे प्रेत पोहोचले, हा माझा पराभव मी नाकारीत नाही. म्हणून विनंती करते: वस्त्रे जपा, उसवली तर वेळेवर शिवा. आणि घरात कुणी दुःखाने मुके झाले असेल, तर त्याला अभिरुचीचे धडे देत बसू नका. त्याला खुशाल असल्या चित्रपटाला घेऊन जा.

मला मात्र नेऊ नका.