खुंटीवरचा पंचा

सासूनं बाहेरून कडी घातली. "डोळे निवळेपर्यंत बाहेर यायचं नाही. आमच्याकडं बघायचंसुद्धा नाही."

"आत्याबाई, बघून डोळे येत नाहीत," आतून सून म्हणाली. "दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय, हातानं अन् फडक्यानं येतात."

"चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवू नको. डोळ्याला डोळा भिडला की संपलं!"

वैरणीची खोली ती. छतापर्यंत रचलेलं गवत, गजांची खिडकी अन् धूळ. चिपडांनी पापण्या चिकटत होत्या. जेवणाचं ताट सासूनं पाठमोरीच आत सरकवलं, जणू आत सून नाही, वाघच कोंडलाय.

खिडकीतून न्हाणीचा दगड दिसायचा, अन् खुंटीवरचा पंचा. साऱ्या घराला एकच. सकाळी सुनेनं त्यालाच डोळे पुसले होते. कोंडायच्या घाईत ते तिच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. सासूनं त्यात तोंड खुपसलं, तेव्हा कुठं सुनेला आठवलं. गजांतून हात काढून ती पंच्याकडं बोट दाखवत ओरडली.

"आत्याबाई, पंचा नको!"

"गप बस आत!"

मग नवरा आला. त्यानंही पुसलं. अन् आता गोठ्यातून सासरा येत होता. त्याला एकच डोळा. दुसरा तरणेपणी बैलाच्या शिंगानं गेलेला.

"मामंजी, पंच्याला हात लावू नका!"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. सुनेकडं बघायचं नाही, ही बायकोची ताकीद. त्यानं तोंडावर पाणी मारलं, डोळा मिटला अन् हात खुंटीकडं नेला.

सुनेनं दाराला धडक दिली. दार हललं नाही. कोपऱ्यात आकडी होती, शेळ्यांना पाला पाडायची लांब काठी. तिनं ती गजांतून बाहेर काढली. पहिल्यांदा हुकली. दुसऱ्यांदा अडकली, अन् म्हाताऱ्याची बोटं पोचायच्या आत पंचा सरसर खिडकीत. म्हातारा रिकामी खुंटी चाचपत राहिला. शेवटी त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"डोळे आले, अन् अक्कल गेली!" सासू कडाडली.

तिसऱ्या दिवशी वैरणीच्या खोलीत तिघं होती. सून, नवरा अन् सासू. बाहेर म्हातारा, एकुलता डोळा लख्ख. त्यानं गजांतून तीन फडकी आत सारली, खुणेला एक, दोन, तीन गाठी मारलेली. मग दगडावर साबणानं हात घासले.

"मी तर हिच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं," सासू डोळे चोळत कण्हली.

"तिथंच चुकलं," म्हातारा म्हणाला. "बघितलं असतंस, तर ती कशाकडं बोट दाखवत होती ते दिसलं असतं."