न फुटणारं पिंप

मालिकेवाल्यांनी अणुकचऱ्याचं पिंप बनवायला सांगितलं, तेव्हा सुताराने थेट दाजींनाच गाठलं. थोरल्या बहिणीचा हा नवरा खरोखरीची तसली पिंपं वाहणाऱ्या गाडीवर चालक. दाजींनी फरशीवर खडूने आकार काढून दिला आणि सुताराने लाकूड-पत्र्याचं असं काही पिंप ठोकलं, की क्रेनवरून पुन्हा पुन्हा आपटलं तरी झाकण हलेना!

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, फुटायला हवंय ते! नातवंडांसाठी बनवलंस का?"

मग सुताराने स्क्रू काढले आणि झाकण बोटाएवढ्या खुंट्यांवर टेकवलं. पिंप फुटलं, हिरवा धूर निघाला, मालिकेतला चालक गाडी टाकून पळत सुटला. घरोघरी लोकांनी श्वास रोखून पाहिलं.

आणि ताईच्या इमारतीत लोकांनी दाजींकडे पाहणंच टाकलं. तळमजल्यावरच्या मावशींनी नातवाची तीनचाकी दाजींच्या चपलांपासून लांब सरकवली. रविवारी अंगणात बैठक ठरली. विषय एकच, यांनी खोली सोडावी.

"पिंप तुझंच ना रे? नाव काढलंस हो बहिणीचं!" ताई म्हणाली.

रविवारी त्याने ते पिंप हातगाडीवरून अंगणात आणलं आणि खुंट्या उपसून दाखवल्या. "या मी लावल्या. त्याआधी हे फुटतच नव्हतं."

लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. "हे लाकडाचं. खरं फुटणार नाही कशावरून? आणि तो चालक पळाला, त्याचं काय?"

सुताराने खुंट्या खाली ठेवल्या. बाईंचं चूक तरी काय होतं?

मागून दाजी पुढे आले. "बरोबर विचारलंत, मावशी. कधीच फुटणार नाही अशी शपथ मी घेणार नाही. पण तसली पिंपं उंचावरून आपटून, आगीत तापवून पारखतात, मगच ती रस्त्यावर येतात. आणि पळण्याचं म्हणाल, तर गेल्या पावसाळ्यात आमची गाडी घसरून खड्ड्यात कलली होती. पिंपाला ओरखडा नाही. तरी आमच्यात गाडी सोडायची नसते. तपासणारे येईपर्यंत रस्ता अडवून तिथेच भिजत उभा होतो."

"भीती नाही वाटली?" मावशींनी विचारलं.

"वाटली की! पळालो नाही, एवढंच."

तेवढ्यात ताई कडाडली, "अहो! तुम्ही तर टायर पंक्चर झालं म्हणून सांगितलं होतंत!"

"अगं, नवऱ्यांचे टायर नेहमी पंक्चरच होतात," मावशी म्हणाल्या, आणि सगळं अंगण खदखदून हसलं. मावशींनी डोळे पुसले. "खोलीचं राहू द्या. पण दाजी, पुन्हा काही झालं तर पंक्चर म्हणायचं नाही. आम्हाला खरं सांगायचं."

"तुम्हाला आधी सांगेन."

"आधी मला!" ताई म्हणाली.

सुताराचे हात आपसूक जोडले गेले. देवाचे आभार तर मानलेच त्याने, पण त्याहून आधी मावशींचे. मनातली भीती त्यांनी चारचौघांत तोंडावर बोलून दाखवली, म्हणून तर तिला उत्तर मिळालं! दाराआड कुजबुजत राहिल्या असत्या, तर बहिणीचं घर उठलं असतं.

"काय रे, यावर बसता येईल का?" मावशींनी पिंपावर टिचकी मारली.

"थांबा मावशी," म्हणत त्याने खिशातून स्क्रू काढले आणि झाकण पहिल्यासारखं घट्ट बसवलं. "आता बसा, खुशाल!"