जर्मनी-चिनीचा तुरा

ज्या पारावर सिदू धनगराचा जबडा मोडला, त्याच पारावर दर जत्रेला त्याच्या पटक्यात लाल लोकरीचा तुरा खोवला जायचा. ईटच्या जत्रेत कुस्त्या संपल्या तरी लोक हलत नसत. सिदू आणि बिभीषण यांचा जर्मनी-चिनीचा सामना बघितल्याशिवाय जत्रा अंगी लागायची नाही.

दोघंही ऐन दुसऱ्या महायुद्धात बार्शीला जाऊन इंग्रजांच्या पलटणीत भरती झालेले. बिभीषण वाळवंटात जर्मनांच्या हाती सापडला आणि कैदेत जर्मनीला नेल्यावर तिथल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढता काढता त्याची भाषा शिकून आला. सिदू खेचरं घेऊन ब्रह्मदेशात गेला. तिथं जपान्यांशी लढणारे चिनी शिपाई आपल्याच बाजूचे होते, त्यांच्या चुलीवर भात खाता खाता त्याला चिनी आली. गावी परतल्यावर तो मेंढरंसुद्धा चिनीतच हाकायचा. "लाऽय, लाऽय" म्हटलं की सगळं खांड त्याच्या मागं यायचं, दुसऱ्या कुणी घसा फोडला तरी ढिम्म.

सामन्याचा कायदा कलगी-तुऱ्यासारखाच कडक होता. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं आपल्या भाषेत जवाब द्यायचा, तोही पुऱ्या आवेशात, हातवाऱ्यांसकट. गप बसला त्याचा तुरा गेला.

"जर्मनी म्हंजी म्हशीचा पो," सिदू सुरू करायचा. "शब्दाला शब्द चिकटून येवढा मोठा व्हतो, उचलाया घमेलंच लागतंय."

"आन् तुजी चिनी म्हंजी शेळीच्या लेंड्या. काल जा, आज जा, उद्या जा, समद्याला येकच जा."

"लेंड्या तर लेंड्या, पन सुरातल्या हायत्या. त्योच शब्द चार सुरांत म्हन, चार अर्थ निघत्यात. तुजा जर्मन जेवाया बोलवतोय का मारतोय, त्ये शेवटचा शब्द ऐकूस्तवर कळत न्हाय!"

लोक हसून हसून पारावरून खाली यायचे आणि तुरा सिदूला मिळायचा. गाणारा माणूस, त्यात सुरांची भाषा. बिभीषणाच्या खडबडीत जर्मनीचा काय पाड लागणार? वर्षानुवर्षं तो रिकाम्या पटक्यानं घरी जायचा आणि आतल्या आत जळायचा. दोस्ती खरी होती आणि जळणंही खरं होतं. आईबापांनी नाव ठेवताना पुढचं बघितलं होतं की काय, कोण जाणे.

चीनशी लढाई पेटली त्या साली जत्रा दिवाळीनंतर आली. ग्रामपंचायतीचा रेडिओ रोज आपली माणसं मागं हटल्याचं सांगत होता. भूमच्या बाजारात चीनचं बुजगावणं जाळलं होतं. गावातल्या उत्तरेश्वराचा थोरला भाऊ नेफाच्या सरहद्दीवर फौजेत होता आणि त्याची काही खबर नव्हती. पोरगं जेवत नव्हतं, झोपत नव्हतं, नुसतं रेडिओखाली बसून असायचं.

"बिभीषणराव, औंदा सामना राहू द्या," शाळेचे तात्या मास्तर म्हणाले. "लोकांची डोकी ठिकाणावर नाहीत."

बिभीषणानं मान हलवली आणि मनात वेगळाच हिशेब मांडला. औंदा भर गर्दीत चिनी बोलायची सिदूची छाती होणार नाही. सवाल टाकायचा, सिदू गप बसणार, तुरा आपला. बस्स, एवढंच. त्याहून पुढचं त्यानं बघितलंच नाही. डोळ्यांपुढं तुरा असला की माणसाला विहीरसुद्धा दिसत नाही.

पारावर उभं राहून त्यानं आवाज चढवला. "सिद्या, समोरच्या फौजंवर तुटून पडताना चिनी शिपाई काय आरडतो? सांग!"

हसू कुठंच उमटलं नाही. सिदूनं गर्दीकडं बघितलं, मग बिभीषणाकडं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. सिदूची बायको बानूबाई खालून म्हणाली, "नगं, उतरा खाली."

पण सिदूनं आयुष्यात सवाल खाली पडू दिला नव्हता. त्यानं काठी संगिनीसारखी धरली, डोळे वटारले आणि छाती फाडून ओरडला, "शाऽ! शाऽ!"

"म्हंजी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"म्हंजी मारा. कापा."

उत्तरेश्वर पारावर कधी चढला ते कळलंच नाही. "माज्या दादाला आसंच मारलं आसंल का रं, भाड्या!" त्याची लाठी सिदूच्या तोंडावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग अख्खी गर्दी वर आली. जे कालपर्यंत त्याच्या गाण्यावर टाळ्या पिटत होते ते त्याला लाथा घालत होते. कुणी केस धरले, कुणी दगडानं बोटं ठेचली, कुणी छातीवर नाचलं.

"आरं, म्या इचारलं! म्याच इचारलं!" बिभीषण ओरडत सिदूच्या अंगावर आडवा पडला. बरगडीत लाथ बसली तसे कैदेतले शब्द आपोआप बाहेर आले. तो जर्मन भाषेत 'थांबा, थांबा' म्हणून गळा काढत होता. त्याबद्दल त्याला कुणी एक चापटही मारली नाही. जर्मनांच्या गोळ्यांनी ह्याच तालुक्यातली पोरं वाळवंटात पुरली होती, पण ते वैर आता शिळं झालं होतं.

"चिन्याची मेंढरं पेटवा!" कुणीतरी आरोळी दिली आणि गर्दी ओढ्याकडं धावली.

बानूबाईनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. ओढ्यापलीकडून धूर चढला तसा सिदू उठायला धडपडला. तोंड उघडायला गेला, पण जबडा एका बाजूला लोंबत होता. आवाजाऐवजी रक्ताचे बुडबुडे आले. त्यानं ठेचलेला हात बिभीषणाच्या सदऱ्याला लावला आणि धुराकडं दाखवलं. बिभीषण धावत सुटला.

मेंढरांच्या वाडग्याचं काटेरी कुंपण चारी बाजूंनी धडधडत होतं. त्यानं वाडग्याच्या तोंडाशी लावलेलं पेटतं झुडूप हातांनीच ओढून फेकलं, तळहाताची कातडी काट्यांबरोबर गेली. वाट मोकळी झाली, पण मेंढरं येईनात. ती पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. त्यानं हुर्र केलं, शिट्ट्या घातल्या, आईवरून शिव्या दिल्या. कडेच्या एका मेंढीची लोकर पेटली आणि ती तशीच उभी राहून जळू लागली.

काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं. दगड घेतलेली माणसं मागंच उभी होती, तेही ठाऊक होतं. त्यानं डोळे मिटले आणि सिदूच्या सुरात हाक घातली.

"लाऽय! लाऽय!"

पहिला दगड पाठीत बसला. "ह्योबी चिनीच निघाला!"

"लाऽय! लाऽय!" दुसऱ्या दगडानं भुवई फाटली. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या मेंढ्यानं डोकं वर केलं आणि तो ज्वाळांतून निघाला. त्याच्यामागं बाकीची, धुमसत्या लोकरीनं, बें बें करत, बिभीषणाला ढकलत बाहेर आली. दगड येत राहिले, तो हाक घालत राहिला. काही मेंढरं आतच राहिली. जळक्या लोकरीचा आणि मांसाचा वास पसरला, तसे लोक नाकाला पदर, धोतर लावून मागं सरले. शेवटी उत्तरेश्वर तेवढा राहिला, हातात दगड धरून दादाच्या नावानं हुंदके देत.

मेंढरं घेऊन बिभीषण पाराशी आला. तात्या मास्तरांनी बैलगाडी आणली होती आणि सिदूला तिच्यात घोंगडीवर घातलं होतं. बानूबाईनं मातीत पडलेला पटका उचलला, त्यातला तुरा उपसला आणि बिभीषणासमोर धरला. लाल लोकर रक्तानं काळी झाली होती.

"घ्या भावजी. जिकलात. आता जवाब द्याया कुनी न्हाय."

बिभीषणाचा हात पुढं होईना. तिनं तो तुरा त्याच्या पटक्यात स्वतः खोवला, चांगला घट्ट.

"आन् मेंढरं बोलवा," ती गाडीत चढत म्हणाली. "वाशीला दवाखान्यात न्यायचंय यास्नी. मेंढरं मागं ठिवली तर समदी जाळतील. माजं ऐकत न्हाईत ती."

गाडी हलली. दोन्ही बाजूंना गाव दाराआड उभं होतं. बिभीषण सगळ्यांच्या पुढं झाला आणि तुरा लावून, भर गावातून, शत्रूच्या भाषेत हाक घालत चालू लागला.