जाळी उतरल्यावर

हाड वाजलं की फळी, हे रचनाला वर बसून कळेना. काचेला तिच्या लेकाचा गाल चिकटला होता, चपटा आणि पांढराफटक. त्याच्या पाठीवर तो दुसरा सगळं वजन टाकून रेललेला, कोपर मानेत रुतवून. काच थरथरली, लोक ओरडले, आणि भिंतीवरून ओला कागद सुटावा तसा प्रज्ञेश सुटून बर्फावर आला.

"ऊठ रे," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "ऊठ माझ्या राजा."

तो उठला. तो नेहमीच उठायचा. एक गुडघा टेकवला, काठी चाचपली, आणि मारणाऱ्याकडे वळूनही न बघता त्या काळ्या रबरी चकतीमागे, पकमागे, निघाला. पायांत वारा भरल्यासारखा निघाला. मागून तो दुसरा, डीन नावाचा, उत्तरेकडच्या पाहुण्या संघाचा धिप्पाड बचावपटू, ओरडला, "घरी जा, पाकी!" सगळ्याच देशी माणसांना दिली जाणारी ती शिवी ऐकून स्टँडमधले काही जण हसले. काहींनी आपल्या चहाच्या कपात बघितलं.

बर्मिंगहॅमच्या बाहेरची ही आइस हॉकीची जुनी रिंक. प्रज्ञेश सात वर्षांचा असताना रचनानं इथेच बाकावर बसून त्याच्या पहिल्या स्केट्सच्या नाड्या आवळल्या होत्या. आवळता आवळता आईकडून ऐकलेल्या जात्याच्या चालीवर तिच्या ओठी आपसूक एक ओवी आली होती:

*बाळाच्या माझ्या पायी पोलादाचे वाळे,*
*बर्फाच्या अंगणाला पडे रेघांचे जाळे.*

तेव्हा त्याच्या तोंडावरही जाळं होतं. हेल्मेटला लावलेली तारेची जाळी, कपाळापासून हनुवटीपर्यंत. अठरा पुरे होईपर्यंत ती लावावीच लागते. जानेवारीत तो अठराचा झाला, मोठ्यांच्या संघात गेला, आणि जाळी उतरली. आता डोळ्यांपुढे पारदर्शक काच तेवढी. खाली नाक उघडं, ओठ उघडे, दात उघडे. त्या दातांवर एक गमशील्ड होतं, रचनानं स्वतःच्या क्लिनिकमध्ये त्याच्या दातांचा साचा घेऊन बनवलेलं. डेंटिस्ट आईला आपल्या लेकाला घालता येईल असं चिलखत तेवढंच होतं.

आणि आज नेमका गॉर्डन आला होता.

गॉर्डन वरच्या लीगमधल्या एका क्लबसाठी पोरं पारखायचा. स्कॉटलंडचा म्हातारा खेळाडू, नाक दोन जागी मोडलेलं, एक कान चुरगाळलेला. हा त्याचा तिसरा फेरा. तीन ओळी खाली एकटाच बसून तो बघत होता. टाळी वाजवायचा नाही की तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याच्या क्लबमध्ये एकच जागा रिकामी होती. ती प्रज्ञेशला मिळायची नाहीतर डंडीच्या कुठल्याशा मुलाला, आणि ते आजच ठरायचं होतं. अकरा वर्षं पहाटे उठून उकरलेला गाडीचा बर्फ, बुडवलेली लग्नं, सुजलेले घोटे, सगळं त्या एका माणसाच्या मान हलवण्यावर येऊन थांबलं होतं.

दुसऱ्या मध्यंतरात तिच्या नवऱ्यानं, भगवानरावांनी, चहा घेतला आणि ते सरळ गॉर्डनपाशीच जाऊन उभे राहिले. रचना मागोमाग गेली.

"कसा वाटतो आमचा मुलगा?" भगवानरावांनी विचारलं. बँकेत वरच्या हुद्द्यावर असूनही या प्रश्नाला त्यांचा आवाज कापला.

गॉर्डननं कप फिरवला. "स्केटिंग? इतक्या वर्षांत असं वळण घेणारा पोरगा मी बघितला नाही. पाय बर्फावर टेकतच नाहीत. पास देतो तो अंगाई म्हटल्यासारखा, अलगद. पुढच्या क्षणी खेळ कुठे जाणार, ते याला आधी दिसतं. हे शिकवून येत नाही."

भगवानरावांचा ऊर भरून आला.

"पण," गॉर्डन म्हणाला, "आज डीननं त्याला चारदा आडवा केला. चारदा तो उठला आणि पकमागे गेला. आमच्याकडे हंगामाला साठ मॅचेस खेळून हाडं घट्ट झालेले लोक येतात. त्यांना वास येतो. हा उलटून बघणार नाही हे कळलं की ते याला नाताळपर्यंत फाडून खातील. मला एकच गोष्ट माहीत नाही. या पोरात उत्तर आहे का?"

इथे भगवानरावांनी चूक केली. त्यांना वाटलं, हा मुलाच्या चारित्र्याबद्दल विचारतोय. दर रविवारी ते कम्युनिटी हॉलमध्ये धम्मवर्ग घ्यायचे. इंग्रजांना आपला धम्म समजावून सांगायची संधी त्यांनी कधी दवडली नव्हती.

"मिस्टर गॉर्डन, तुम्ही निश्चिंत राहा," ते ताठ होऊन म्हणाले. "मॅचच्या दिवशी सकाळी आमचा प्रज्ञेश बुद्धमूर्तीपुढे बसून पंचशील म्हणतो. पहिलंच शील आहे, कुठल्याही जिवाची हिंसा करणार नाही. अकरा वर्षांत त्यानं कुणावर हात उचललेला नाही. लिहून देतो मी!"

गॉर्डननं त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत हेटाळणी नव्हती, कीवच होती. "चांगलं घर आहे तुमचं," तो हळूच म्हणाला आणि उरलेला चहा त्यानं कचऱ्याच्या डब्यात ओतला.

भगवानराव वळून हसले. "बघितलंस? इम्प्रेस झाला."

रचनाचं लक्ष त्या डब्याकडे होतं. शंका असलेला माणूस चहा पुरवून पितो. हा ओतून मोकळा झाला होता.

"अहो, तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी आलेच."

कपडे बदलायच्या खोल्यांकडचा बोळ ओल्या हातमोज्यांच्या वासानं कोंदला होता. अख्ख्या संघाची गमशील्डं तीच बनवायची, म्हणून तिला कुणी अडवत नसे. प्रज्ञेश दाराबाहेर बाकावर एकटाच बसला होता, मानेवर बर्फाची पिशवी धरून. कानामागून रक्ताचा एक ओघळ कॉलरमध्ये उतरला होता.

"दाखव."

"काही नाही झाला, आई. इट्स फाइन." त्याचं मराठी असंच, लिंगाबिंगाची पर्वा न करणारं. "गॉर्डन काय म्हणला?"

त्याच्या कानामागचं रक्त तिनं रुमालानं टिपलं, आणि टिपता टिपता ती मनानं बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकच्या एका रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शाळेतून येताना तीन मुलं रोज तिच्या वेणीवर थुंकायची. लोखंड ओतायच्या फाउंड्रीतून काळेठिक्कर होऊन येणारे तिचे वडील नळाखाली वेणी धुऊन देत म्हणायचे, 'चालत राहा, बाळा. मागं बघायचं नाही. चालत राहा.' ती चालत राहिली. चालत चालत डेंटल कॉलेजात गेली, चालत चालत क्लिनिकच्या दारावर तिच्या नावाची पाटी लागली. पण त्या थुंकीचा ओलावा अजूनही कधी कधी मानेवर जाणवायचा. आणि तिनंही तेच दोन शब्द लेकाच्या पायात घातले होते, स्केट्सच्या आधी.

"प्रज्ञू," ती म्हणाली, "आज चालत नको राहू."

"म्हणजे?"

"म्हणजे थांब. वळ. आणि मार."

तो चमकला. घरात हा शब्द डासाबद्दलही कुणी उच्चारत नसे. "बाबा?"

"बाबांना मी बघते."

त्यानं बर्फाची पिशवी खाली ठेवली. आईच्या तोंडाकडे बघत राहिला, लहानपणी पोहायला शिकताना तिच्या हातांकडे बघायचा तसा. मग गमशील्ड दातांवर चढवलं, आणि आत गेला.

तिसरा भाग सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. कोपऱ्यात पक अडकला. प्रज्ञेश तिकडे गेला आणि डीन त्याच्या मागून आला, तसाच, कोपर वर काढून. या वेळी प्रज्ञेश काचेवर आदळला नाही. शेवटच्या क्षणी तो बाजूला सरला, त्या सुंदर, अलगद वळणानं, आणि डीन एकटाच फळ्यांवर जाऊन धडकला.

पकही तिथेच पडून होता, मोकळा. स्टँडमधला प्रत्येक जण बघत होता की आता तो पक घेऊन निघणार.

तो निघाला नाही. वळला.

हातमोजे आधी पडले. काठी पडली. मग दोघांनी एकमेकांचे शर्ट मुठीत धरले आणि रिंकमध्ये असा आवाज उठला की रचनाला आपलाच श्वास ऐकू येईना. डीननं पहिला ठोसा हाणला तो प्रज्ञेशच्या भुवईवर. भुवई फुटली, डोळा लाल झाला. हेल्मेटं उडाली. प्रज्ञेशनं डीनचा शर्ट डोक्यावरून पुढे ओढला, त्याचे हात त्यातच अडकवले, आणि खालून मारलं. एकदा. पुन्हा. लेकाच्या हाताला ही लय कुठून आली? धान्य कांडावं तशी ती लय होती, एकसारखी, न थकणारी. डीनच्या तोंडातून काहीतरी पांढरं उडालं आणि बर्फावर घरंगळत गेलं. डीन गुडघ्यांवर आला. मग पाठीवर.

"झालं," रचना म्हणाली. "झालं रे. पुरे."

पण तो थांबला नाही. पडलेल्या माणसाच्या छातीवर गुडघा रोवून तो मारतच राहिला. दोन पंच त्याच्या पाठीला लोंबकळत होते आणि तो मारत होता. बर्फ आधी गुलाबी झाला, मग लाल. स्टँडमध्ये लोक पाय आपटत होते, "प्रॅग! प्रॅग! प्रॅग!" अकरा वर्षांत त्यांनी त्याचं नाव असं कधी घेतलं नव्हतं.

भगवानराव बसलेच होते. हात जोडल्यासारखे मांडीवर. "काय सांगितलंस तू त्याला?" त्यांनी विचारलं, तिच्याकडे न बघता.

ती उत्तर द्यायला थांबली नाही. जिने उतरून ती खाली धावली. वाटेत चहाच्या टपरीवरून दुधाचा कप उचलला, दार ढकलून बर्फावर आली, सपाट चपलांनी घसरत, पडत, हातांवर रांगत. दात तिला सापडला. पुढचा, वरचा, मुळासकट अख्खा. तिनं तो चावायच्या टोकाला धरून उचलला, मुळाला बोट न लावता, आणि मूळ जिवंत राहावं म्हणून दुधात टाकला. दुधात रक्ताची बारीक रेघ सुटली.

डीनला खोलीत आणून बाकावर आडवं केलं होतं. नाक कलंडलेलं, ओठ फाटलेले. जवळून तो जेमतेम विशीतला दिसत होता. ओठांवर अजून लव होती.

"तोंड उघड," ती म्हणाली. "गमशील्ड का नाही घालत?"

"श्वास नाही घेता येत त्यात."

"आता घालशील." तिनं दुधातून दात काढला, खाचेत बसवला आणि अंगठ्यानं वर रेटला. डीन घशातून ओरडला. त्याच्या टाचा बाकावर आपटल्या. तिनं घडी केलेला कपडा दातांमध्ये दिला. "चावून धर. सोडायचं नाही. थेट हॉस्पिटलमध्ये जायचं."

त्यानं कपडा क्षणभर बाजूला केला. "तुम्ही कोण?"

"त्याची आई."

डीनच्या रक्ताळलेल्या तोंडावर हसू आलं, चक्क आपुलकीचं. "प्रॅगला सांगा, झकास मारतो. मला वाटलं नव्हतं." पाकी नाही, प्रॅग. एका दाताच्या मोबदल्यात तिच्या लेकाला स्वतःचं नाव मिळालं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा, आणि त्या थोड्याचीच तिला भीती वाटली.

बाहेर बोळात गॉर्डन उभा होता. प्रज्ञेशला मॅचबाहेर काढलं होतं. तो भिंतीला टेकून बसला होता, भुवईवर पट्टी, सालटी निघालेले हात मांडीवर. भगवानराव जरा लांब उभे होते.

"मिळालं मला उत्तर," गॉर्डन म्हणाला. "थोडं जास्तच मिळालं, पण कमी करायला आम्ही शिकवू. ऑगस्टपासून ये. काय म्हणतोस?"

प्रज्ञेशनं आईकडे बघितलं नाही. बाबांकडेही नाही. "येस," तो म्हणाला. "येस, प्लीज."

गॉर्डननं त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि तो निघून गेला. भगवानराव पुढे आले. मुलाचे हात हातात घेतले, उलटे केले, सालटी बघितली. मग हळूच खाली ठेवले आणि गाडी आणायला गेले.

"आई." प्रज्ञेश खालीच बघत होता. "तू सांगितला म्हणून मी मारला. पण तो पडला ना, तेव्हा... तेव्हा तू सांगितला नव्हता."

"माहितेय."

"मला ऐकू येत होता तू. पुरे म्हणत होतीस." त्यानं भुवईवरची पट्टी चाचपली. "एवढ्या आवाजात पण आला ऐकू."

त्यानं तोंडातून गमशील्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. ते मधोमध चावून तुटलं होतं.

"नवीन बनव. जाड."

दुसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट संपल्यावर, तो क्लिनिकच्या खुर्चीत बसला. भुवई निळी पडली होती. रचनानं गुलाबी लगदा कालवला, ट्रेमध्ये भरला, आणि त्याच्या उघड्या तोंडात घातला. एक हात हनुवटीखाली धरला. त्याला दाढी आली होती, हे तिला बोटांनी कळलं. ओवीतलं काही आठवतंय का, ते तिनं चाचपून पाहिलं. वाळे आठवले, पुढचं आलं नाही.

"चाव," ती म्हणाली.

तो चावला.

लगदा घट्ट होईस्तोवर दोघं तशीच थांबली. त्याचे डोळे छताच्या दिव्यात होते, शांत, आणि त्या शांतपणात काय आहे ते तिला वाचता येईना.

"झालं," ती म्हणाली. "आता सोड."

त्यानं लगेच सोडलं नाही.