धाकटीचा रिपोर्ट

घरात सुना दोन, दोघी एकाच इस्पितळात कामाला, पण मान सगळा थोरलीच्या वाट्याला. थोरली साथीच्या अतिदक्षता विभागात नर्स. धाकटी खाली केसपेपरच्या खिडकीत. साथ आल्यापासून थोरलीला वरची खोली स्वतंत्र मिळाली होती, ताट दाराशी जात होतं. ती ड्यूटीला निघाली की शेजारचे गॅलरीत येऊन टाळ्या वाजवायचे. धाकटी पाचच मिनिटांनी बाहेर पडायची, तोवर गॅलऱ्या रिकाम्या. लोकांनी तरी हात किती दुखवायचे!

"वहिनी जिवावर उदार होऊन काम करते," नवरा म्हणायचा. "तुझं बरंय. खिडकीत बसून कागद फाडायचे."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खिडकीच्या काचेला बोलण्यापुरतं एक भोक होतं. येईल तो खोकत खोकत मास्क खाली ओढायचा आणि त्या भोकाला तोंड लावून नाव सांगायचा. पण धोक्याच्या यादीत खिडकी नव्हतीच. म्हणून थोरलीला डोक्यापासून पायापर्यंत पोशाख आणि धाकटीला घरी शिवलेला कापडी मास्क. थोरलीकडे एकेकट्यानं, भिंतीकडे तोंड करून जेवायचा नियम. खिडकीवाल्या चौघी मात्र जुन्या कागदपत्रांच्या कोंदट खोलीत गुडघ्याला गुडघा लावून एकमेकींचे डबे फस्त करायच्या. दिवसभरात हसायला मिळायचं ते तेवढंच.

मग सासूबाई आजारी पडल्या. सतरा दिवस ऑक्सिजनवर काढून कशाबशा घरी आल्या. घरात कोणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा वरच्या खोलीकडे वळल्या. "एवढा थाट करून शेवटी आणलंच ना घरात," असं धाकटीनं भाजी चिरता चिरता नवऱ्याला ऐकवलं. खरं सांगायचं तर तिला ते म्हणताना फार बरं वाटलं. पुढे शेजारच्या टाळ्याही थांबल्या, आणि त्याचंही तिला वाईट वाटलं नाही.

महिन्याभरानं इस्पितळानं सगळ्यांचं रक्त तपासलं, आजार नकळत कोणाला होऊन गेला ते बघायला. रिपोर्ट वाटायचं काम खिडकीकडेच आलं. धाकटीनं गठ्ठ्यातून आधी थोरलीचा उपसला. थोरलीला लागण कधी झालीच नव्हती! मग स्वतःचा उघडला. तिला होऊन गेली होती. डबा खाणाऱ्या चौघींपैकी तिघींना होऊन गेली होती.

सासूबाई पडल्या त्याच्या आठवडाभर आधी धाकटीला चहा पाणचट लागत होता. नवऱ्यानं भलतीच पावडर आणली म्हणून ती त्याच्याशी दोन दिवस भांडली होती. आणि त्याच दोन दिवसांत सासूबाईंची वेणीही तिनंच घालून दिली होती. 

थोरली रिपोर्ट न्यायला आली तेव्हा तिनं खिडकीत उघडे पडलेले दोन्ही कागद वाचले. 

"कोणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "आईंना माझ्यामुळे झालं असं समजतात ना सगळे? समजू देत. मला आता सवय झालीय."

धाकटीला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून मोठा जळफळाट झाला. म्हणजे आता हिला हेही हवं! वॉर्डात मोठी, घरात मोठी, वर माझं पाप पोटात घालून आणखी वीतभर मोठी? एवढं मात्र तिला मिळू द्यायचं नाही. त्या संध्याकाळी ती घरी आली, हातपाय धुतले आणि मास्क न काढता तडक सासूबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई, तुम्हाला ताईंमुळे नाही झालं. माझ्यामुळे झालं. हा बघा कागद."

सासूबाईंनी कागद लांब धरून सावकाश वाचला. बोलणी खायच्या तयारीनं धाकटी मान ताठ करून उभी होती.

"म्हणजे तुलाही झाला होता?" सासूबाई म्हणाल्या. थांबल्या, दम घेतला. "आणि तशीच रोज कामाला जात होतीस? ताप होता का ग तुला? आम्ही कोणी विचारलंसुद्धा नाही."

साथ आल्यापासून धाकटीला कोणीतरी एवढंच विचारायला हवं होतं. विचारलं ते सासूबाईंनी, एवढ्याशा बोलण्यात दम खात. धाकटी उंबऱ्यातच बसली आणि चहा पाणचट लागला तिथपासून सगळं सांगू लागली.