कवचबाबांची अंगठी

मावशीच्या कोंबड्यांच्या शेडबाहेर माणसांचा एवढा गलका होता की आत पिल्लांची चिवचिव ऐकू येईना. काल कवचबाबांनी दहा पिल्लांच्या उजव्या पंजाला नुसता हात लावला होता आणि आज नऊ पंजे टम्म फुगले होते.

“कवच बसलं,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “आता लस टोचू नका. लोखंड लागलं की कवच तुटतं.”

“आणि हे दहावं?” मी विचारलं.

“मालकिणीची श्रद्धा कमी पडली.”

मावशीने मान खाली घातली. मला बाबांचा असा राग आला की बस! गेल्या खेपेला साथीत तिची सगळी पिल्लं गेली होती. ही चारशे गेली तर शेडला कुलूप लागणार होतं. लस उद्याच द्यायची होती, पण भाच्याचं ऐकतंय कोण? मी सरळ पशुवैद्य बाईंना बोलावून आणलं.

बाईंनी शेडमधली दुसरी दहा पिल्लं घेतली आणि दोन्ही पंजांची जाडी मोजून लिहिली. “बाबा, डाव्या पंजाला कवच द्या. फक्त अंगठी काढून.”

“ती माझ्या गुरूंची आहे.”

“मग आज गुरूंना सुट्टी.”

लोक हसले. बाबांनी नाइलाजाने अंगठी मावशीकडे दिली आणि डाव्या पंजांना हात लावला. उजव्या पंजांत बाईंनी सुईने थेंबभर काहीतरी टोचलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजमाप झालं. डावे पंजे होते तेवढेच. उजवे मात्र फुगले होते.

“मी कच्च्या घेवड्याच्या बियांचा अर्क टोचला,” बाई म्हणाल्या. “परकं काही आत शिरलं की पिल्लाची प्रतिकारशक्ती धावून येते, म्हणून सूज. आम्ही तीच मोजतो. चांगली सूज म्हणजे पिल्लू धडधाकट. पण साथीचा रोग ओळखायला प्रतिकारशक्तीला लसच शिकवते.”

“आणि ते दहावं?” मावशीने हळूच विचारलं.

“ते अशक्त आहे, मावशी. त्याला ऊब द्या. तुमच्या श्रद्धेचा काही संबंध नाही.”

मावशीने अंगठी उलटी केली. तळहाताकडच्या बाजूला बारीकशी सुई होती आणि मागे तसल्याच कसल्याशा अर्कात भिजवलेला कापूस.

“बाबा, लोखंडाने कवच तुटतं ना? मग ही सुई कशाची?”

बाबांना एकदम दुसऱ्या गावचं काम आठवलं.

मावशीने दहावं पिल्लू दिव्याच्या उबेला ठेवलं आणि मला म्हणाली, “लसीची पेटी आण.” तुमच्याही दारात कुणी कवच घेऊन आलं, तर हात जोडण्याआधी अंगठी उलटी करून बघा. एवढंच सांगणं आहे.